वनमातीतील सूक्ष्मजीव-प्रक्रियांवर नत्र-प्रदूषणाचा परिणाम : सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नत्र हे खत आहे. मग ते जंगलात गेले तर नुकसान कसले, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. २०२३ मध्ये अस्तित्वात आलेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर भागात हा प्रश्न स्वाभाविकच आहे. येथे एकीकडे संत्र्याच्या बागा व कपाशी, तर दुसरीकडे सातपुड्याची सागवने आहेत. प्रस्तुत लेखात मातीतील सूक्ष्मजीवांच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

नत्र वनात कसे पोहोचते?
हवेतील सुमारे ७८ टक्के नायट्रोजन वायू निष्क्रिय असतो. तो प्रदूषक नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असते. तो जमिनीवर उघडा फेकल्यास त्यातील काही नत्र अमोनिया होऊन उडते. उकिरड्यांतूनही अमोनिया निघतो. वाहने आणि नागपूर जिल्ह्यातील कोराडी, खापरखेडा यांसारखी औष्णिक वीज केंद्रे नायट्रोजनची ऑक्साइडे सोडतात. हे सर्व पाऊस व धुळीबरोबर दूरवर जमिनीवर उतरते.

सूक्ष्मजीवांवरील परिणाम :
१) विघटन मंदावते : पालापाचोळ्यातील चिवट लिग्निन मुख्यतः कवके तोडतात. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट येथे १९८८ पासून वनाच्या काही भागांना दरवर्षी हेक्टरी ५० व १५० किलो नत्र देण्यात आले. तेथे कवके घटली व न कुजलेला पाला साचला. मातीत कार्बन वाढला खरा, पण अन्नद्रव्येही त्यात अडकून पडतात.
२) सूक्ष्मजीव घटतात : ८२ क्षेत्रीय प्रयोगांच्या २००८ मधील आढाव्यात नत्र दिल्यावर त्यांचे वस्तुमान सरासरी १५ टक्के कमी झाल्याचे दिसले.
३) मुळांची भागीदारी सुटते : मायकोरायझा कवके झाडाकडून साखर घेतात व त्याला स्फुरद, नत्र पुरवतात. नत्र आयते मिळू लागले की झाड त्यांना साखर कमी देते.
४) माती आम्ल होते : जीवाणू अमोनिअमचे नायट्रेट करतात, तेव्हा हायड्रोजन आयन सुटून सामू घटतो. नायट्रेट पाण्याबरोबर झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियमही नेते. चुनखडीयुक्त काळी माती हा आम्लपणा बराच पेलते; उतारावरील उथळ मुरमाड मातीत ती क्षमता कमी असते.
५) नायट्रस ऑक्साइड वाढतो : पावसाळ्यात पाणी साचून प्राणवायू कमी झाला की विनत्रीकरण होते व हा वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे.

वर्गासाठी उपक्रम :
नायलॉन जाळीच्या पिशव्यांत प्रत्येकी १० ग्रॅम वाळलेली सागाची पाने भराव्यात. वनविभागाच्या परवानगीने निम्म्या पिशव्या शेतालगतच्या कडेला व निम्म्या वनाच्या आत ठेवाव्यात. दरमहा काही पिशव्या काढून, पाने वाळवून वजन घ्यावे. ओलावा व सावलीनेही फरक पडतो. म्हणून त्यांची नोंद ठेवावी आणि एकाच पिशवीवरून निष्कर्ष काढू नये.

निष्कर्ष :
शेतातून दरवर्षी पीक बाहेर जाते, म्हणून तेथे खत लागते. वनात पडलेले पान तेथेच कुजते आणि थोडके नत्र पुन्हा पुन्हा वापरले जाते. या काटकसरीवरच वनातील सूक्ष्मजीवांची घडी बसलेली असते. बाहेरून आलेल्या नत्राने ती विस्कटते. त्यामुळे माती परीक्षण करून, युरिया हप्त्याने व मातीआड देणे ही शेतीच्या बचतीइतकीच वनरक्षणाचीही बाब आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावे.