कोजागिरीच्या रात्री काय खेळावे?

कोजागिरीला दूध आटवायचे हे प्रत्येक घरी ठरलेले असते. पण दूध आटेपर्यंत खेळायचे काय, हे कोणाच्याच घरी ठरलेले नसते. आठवून पाहा. ओट्यावर घोंगडी पडते, पोरे पत्त्यांचा कॅट शोधून आणतात, त्यात एखादी चौकट तिर्री हरवलेलीच असते, आणि मग अर्धा तास वादात जातो. एकाला मेंढीकोट हवा, दुसऱ्याला झब्बू, पोरींना भेंड्या, आणि कोणीतरी हळूच म्हणतो, "तीन पत्ती लावू की, दहा-दहा रुपयांची." या पौर्णिमेला फासे खेळून जागावे असे जुन्या व्रतांतही सांगितले आहे. तेव्हा जागरणाला खेळ हवाच. कोणता, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा पोरकट नाही.

2022 सालची कोजागिरी मला चांगली आठवते. ऑक्टोबरची 9 तारीख. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे एका वाडीत भात पाहायला गेलो होतो. पावसाने वेळ लावला आणि ओळखीच्या घरी मुक्काम पडला. लम्पीचे साल ते. या घरचा एक बैल गेला होता. ओढकामाच्या बैलाचे शासनाकडून 25 हजार यायचे होते. ते यायच्या आधीच त्यांचे वाटे तोंडी पडू लागले होते. दोघे भाऊ, त्यांची बायकामुले, म्हातारी आई आणि पाव्हणे धरून चौदा माणसे होती. वीज गेलेली, चांदणे ढगाआड.

पाव्हण्यांतल्या एका तरुणाने पत्ते पिसले आणि तीन पत्तीची गोष्ट काढली. थोरला भाऊ काही बोलला नाही. धाकटा खाली पाहू लागला. त्याची बायको दुधाचे पातेले बघायचे निमित्त करून चुलीकडे उठून गेली. मला मागून कळले, दोन वर्षांपूर्वी याच गड्याने टोमॅटोच्या दोन पट्ट्यांचे पैसे दिवाळीच्या चार रात्रींत घालवले होते. सुरुवात दहा रुपयांनीच झाली होती.

वाचकहो, पैसे लावून खेळण्याचा अड्डा चालवणे 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यापासून गुन्हा आहे, आणि मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांना केंद्राने 2025 साली कायद्याने बंदी केली. पण ओट्यावर कायदा कोण आणतो? तिथे दुसरा खेळ पुढे करावा लागतो, आणि तोही तितकाच रंगणारा. नुसते "नको" म्हटले की पोरे गोठ्यामागे जाऊन खेळतात.

मी मेंढीकोट सुचवला. माझा आवडता. तेरा-तेरा पाने, समोरासमोर भिडू, चार दश्श्यांवर सारा डाव. पण तो चौघांचा. दुर्र्या काढून टाकल्या तर 48 पाने उरतात आणि सहाजणांना आठ-आठ येतात. तरी आठजण बघेच राहणार. सारीपाटाचेही तेच. चार पट्ट्या, प्रत्येकीत 24 घरे, सोळा सोंगट्या, आणि खेळणारे चार. बघ्यांना आधी जांभया येतात, मग ते मोबाईल काढतात. झब्बूत माणसे मावतात, पण एकाच्या गळ्यात पानांचा ढीग पडत जातो आणि लहान पोर असेल तर रडते. भेंड्यांना काहीच लागत नाही हे खरे; मात्र आवाज मोठा असलेली दोन माणसेच भेंड्या खेळतात, बाकीची टाळ्या वाजवतात. (हे माझे मत. आमच्या घरी ते कोणाला पटत नाही.)

एवढ्यात म्हातारी म्हणाली, "मला बी घ्या खेळायला. बसून बसून कटाळले." तिला पाने दिसत नव्हती. पोरे हसली. पण मला मार्ग तिथेच सापडला. मी म्हटले, जोड्या लावू. चौदा माणसे, सात जोड्या, एकेका जोडीला एक हात: तिघांना आठ पाने, चौघांना सात. खेळ बदाम सात. म्हातारीचा भिडू तिचा सात वर्षांचा नातू. डोळे त्याचे, डोके तिचे. आणि जोडीचा आणखी एक फायदा असा, की गोठ्यात जाणाऱ्याला किंवा चुलीपाशी उठणाऱ्याला मध्येच उठता येते, डाव थांबत नाही.

"साहेब, धाकट्याचा भिडू कोण?" थोरल्याने विचारले. चौदांतली एक अजून चुलीपाशीच होती. पाव्हण्या पोराने तिला हाक मारली, "मामी, या की, तुमच्यावाचून जोडी अडलीय." ती पदराला हात पुसत आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

तुम्हाला हा खेळ ठाऊकच असेल. बदाम सत्ती पडते, तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की. इतर सत्त्या पडल्या की त्यांचेही तसेच. लागणारे पान असेल तर उतरावेच लागते, पण कोणते उतरायचे हे आपल्या हाती. सगळी गोम इथे आहे. बदाम अठ्ठी दाबून धरली की तिच्यावरची पाच पाने घरोघर अडकून पडतात. उरलेल्या पानांचे गुण धरायचे, ज्याचे कमी तो वरचढ. मी दाराच्या फळीवर खडूने मांडत होतो.

तिसऱ्या डावात सगळे पास म्हणू लागले. राजा, राणी, गुलाम धरून माणसे हैराण. धाकटा हसत बायकोला म्हणाला, "कोणी दाबलीय गं अठ्ठी?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक, मी तर तुमच्याच पानांत बघतेय." त्या संध्याकाळी दोघे एकमेकांशी बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

नातू आजीच्या कानाला लागला आणि पान उचलू लागला. म्हातारीने त्याचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली, "आपल्याकडं दुसरं हाय ना? ते टाक." चुलीवरचे दूध उतू जायला लागले होते, पण पान टाकल्याशिवाय कोणी उठेना.