ब्रेक? विसराच!

पावसात घाटात गाडी जरा सरकली तरी आपल्या पोटात गोळा येतो. आता इमॅजिन करा : चाकांखाली बर्फ, बाजूला खोल दरी आणि मागे दहा टन कांदे-बटाटे! श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या जोजिला घाटातून ट्रक नेणाऱ्यांचं हे रोजचं ऑफिस. उंची फक्त ११,५७५ फूट!

मे महिन्यात द्रासला जाताना आमची टॅक्सी सोनमर्गला तीन तास अडकली. घाट अरुंद, म्हणून गाड्या आळीपाळीने सोडतात. टपरीवर चहा पिताना पंजाबचे एक ट्रक ड्रायव्हर भेटले. याच रस्त्यावर वीस वर्षं काढलेले. ‘‘पाजी, भीती नाही वाटत?’’ मी विचारलं. ‘‘डर लगता है, तभी तो ज़िंदा हूँ,’’ पाजी हसले. मग त्यांनी माझा क्लासच घेतला.

नियम पहिला : बर्फावर कचकन ब्रेक मारायचा नाही. चाकं लॉक झाली की ट्रक घसरतो आणि स्टिअरिंग नुसतं शोपीस! उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, गाडी इंजिनाला धरू द्यायची. डिझेल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नाही.

नियम दुसरा : चाकांना साखळ्या आधीच बांधायच्या. घसरायला लागल्यावर कुठे उतरणार?

नियम तिसरा : चिखलात थांबायचं नाही. ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्याचा राडा होतो. एकाच गिअरमध्ये, एका लयीत निघायचं. थांबलात की रुतलात. रात्री तोच राडा गोठून काच होतो.

थंडीत डिझेलही दगा देतं. त्यातलं मेण घट्ट होतं आणि इंजिन उपाशी राहतं. त्यामुळे टाकीखाली स्टोव्ह पेटवायचे जीवघेणे उद्योग चालायचे. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं, तेव्हा कुठे जरा दिलासा मिळाला.

जानेवारी २०२५मध्ये साडेसहा किलोमीटरचा सोनमर्ग बोगदा सुरू झाला. पण जोजिला त्याच्या पुढे आहे. त्याच्या पोटातून तेरा किलोमीटरचा बोगदा झाला, की हा घाट टळेल.

पाजींच्या ट्रकमध्ये टोमॅटोही होते. उशीर झाला तर माल नासणार, भाडं कापलं जाणार. तरी पुढचा ट्रक जागच्या जागी चाकं फिरवताना दिसला, की पाजी चढाच्या खालीच थांबतात. डेडलाइनचं टेन्शन त्यांनाही आहे हो! फक्त ते अ‍ॅक्सिलरेटरवर काढायचं नाही, एवढंच.