यंत्राचा दुभाषी : जॉन कॉक यांचे संशोधनकार्य

ज्या गावात दोन भाषा शेजारी नांदतात तेथे दुभाष्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कचेरीतील कागद एका भाषेत आणि घरातील बोलणे दुसऱ्या भाषेत, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. दुभाषी सामान्य असला तर तो शब्दाला शब्द ठेवून मोकळा होतो. दुभाषी जाणता असला तर बोलणाऱ्याचा हेतू ओळखून तो नेमक्या शब्दांत पोहोचवितो. संगणकाच्या पोटातही असाच एक दुभाषी काम करीत असतो. त्याला कंपायलर असे म्हणतात. या दुभाष्याला शहाणे करण्यात आणि त्या शहाणपणाला साजेसे यंत्र घडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जॉन कॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे त्यातील हिशेब करणारा भाग. त्याला फारच थोड्या आज्ञा समजतात. अमुक ठिकाणची संख्या आण, दोन संख्यांची बेरीज कर, त्यांची तुलना कर, उत्तर तमुक ठिकाणी ठेव, अशा त्या आज्ञा असून त्या शून्य आणि एक या दोनच अंकांत मांडलेल्या असतात. माणसाला अशा रीतीने लिहिणे अत्यंत कष्टाचे वाटते. म्हणून तो बीजगणितासारख्या सोप्या भाषेत आपली आज्ञावली लिहितो आणि कंपायलर तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. आय. बी. एम. या कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली फोरट्रान या भाषेचा कंपायलर सिद्ध केला, तेव्हा पुष्कळ जाणकारांना शंका होती की, कुशल माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांइतके वेगवान भाषांतर यंत्राला कसे साधणार?

ही शंका रास्त होती. समजा, एका शाळेला हजार विद्यार्थ्यांच्या पावत्या करावयाच्या आहेत. प्रत्येक पावतीत मासिक फी गुणिले बारा आणि त्यात त्या विद्यार्थ्याचे बसभाडे, एवढा हिशेब आहे. नवखा कारकून हजार वेळा बाराने गुणील. अनुभवी कारकून गुणाकार एकदाच करून ठेवील आणि पुढे केवळ बेरजा करील. कंपायलरनेही असेच करावे, ही अपेक्षा आहे. परंतु त्याआधी त्याने खात्री करून घ्यावयास हवी की, मधल्या कोणत्याही पावतीपाशी मासिक फी बदलत नाही. ती बदलत असेल तर वाचविलेला श्रम चुकीच्या उत्तराला कारण होईल. अशी खात्री हजारो ओळींच्या आज्ञावलीत कशी करावी, याचे शास्त्र त्या काळी नव्हते.

जॉन कॉक यांचा जन्म ३० मे १९२५ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट येथे झाला. ड्यूक विद्यापीठातून त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे तेथेच १९५६ साली गणितात डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी ते आय. बी. एम. मध्ये दाखल झाले. प्रथम त्यांना ‘स्ट्रेच’ या महासंगणकाचे काम मिळाले. पापड करताना एकीने लाट्या कराव्यात, दुसरीने लाटावेत आणि तिसरीने उन्हात घालावेत, म्हणजे एकाच वेळी तीन पापड निरनिराळ्या अवस्थांत असतात. स्ट्रेचमध्ये आज्ञांची अशीच साखळी लावली होती. मात्र एका आज्ञेला आधीच्या आज्ञेचे उत्तर हवे असेल तर सारी साखळी खोळंबते. आय. बी. एम. च्या ‘७०४’ या यंत्राच्या शंभरपट वेगाचे आश्वासन होते; ते पुरे झाले नाही. १९६१ साली पहिले यंत्र लॉस अ‍ॅलमॉस येथील प्रयोगशाळेत गेले, किंमत मोठ्या प्रमाणात उतरवावी लागली आणि स्ट्रेचवर अपयशाचा शिक्का बसला.

या सुमारास कॉक यांना एक तोलामोलाच्या सहकारी लाभल्या. फ्रान्सिस अ‍ॅलन या एका खेड्यातील शेतकऱ्याच्या कन्या. त्यांनी शाळेत गणित शिकविले होते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडावे आणि पुन्हा शिक्षिका व्हावे, एवढ्याच हेतूने त्या १९५७ साली आय. बी. एम. मध्ये आल्या आणि पुढे पंचेचाळीस वर्षे तेथेच राहिल्या. साठीच्या दशकात कॅलिफोर्नियात एका नव्या महासंगणकाची योजना सुरू झाली. तिच्यात यंत्र आणि कंपायलर यांची आखणी बरोबरीने करावयाची होती. १९६९ साली ती योजना रद्द झाली आणि यंत्र जन्माला आलेच नाही. परंतु त्या कामातून कॉक आणि अ‍ॅलन यांनी आज्ञावलीतील वाटा कशा शोधाव्यात, कोणते मूल्य कोठवर उपयोगी राहते, कोणती सुधारणा केव्हा निर्धोक असते, याची शिस्तबद्ध मांडणी केली. पावत्यांच्या उदाहरणातील शंकेचे उत्तर याच मांडणीत होते.

तिसरी योजना १९७४ सालची. ताशी दहा लाख टेलिफोन जोडून देणारे यंत्र बनविता येईल काय, हा प्रश्न होता. हिशेबाअंती सेकंदाला सुमारे एक कोटी वीस लक्ष आज्ञा पार पाडणारा प्रोसेसर हवा असे दिसले. ही योजनाही सोडून देण्यात आली. कॉक यांच्या हाती मात्र एक महत्त्वाचे निरीक्षण लागले होते. त्या काळच्या प्रोसेसरमध्ये अनेक गुंतागुंतीच्या आज्ञा असत, पण चालत्या आज्ञावल्या तपासल्यावर आढळले की, बहुतेक वेळ मोजक्या साध्या आज्ञाच वापरल्या जातात. क्वचित लागणाऱ्या अवघड आज्ञांचे ओझे मात्र यंत्राने सतत वाहावयाचे! मग साध्या आज्ञांचेच यंत्र करून ते अतिशय वेगवान का करू नये? अवघड कामाची जुळणी शहाण्या कंपायलरने करावी.

या विचारातून १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील संशोधनकेंद्रात नव्या यंत्राचे काम सुरू झाले. इमारतीच्या क्रमांकावरून त्याचे नाव ‘८०१’ पडले. १९८० साली ते चालू झाले. प्रोसेसरच्या अगदी जवळ संख्या ठेवण्याचे थोडे खण असतात; त्यांना रजिस्टर म्हणतात. फोडणीच्या वेळी मिसळणाचा डबा हाताशी हवा, दर चिमटीला कोठीच्या खोलीत धावून चालत नाही. तद्वत् लागणाऱ्या संख्या रजिस्टरांत हव्यात. पण खण थोडे आणि संख्या पुष्कळ. येथे कॉक यांची एक कल्पना घेऊन ग्रेगरी चायटिन यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. नकाशात लगतच्या दोन जिल्ह्यांना एकच रंग देत नाहीत. त्याचप्रमाणे ज्या दोन संख्या एकाच वेळी लागतात त्यांना एकच खण द्यावयाचा नाही. भूगोलाच्या तासाला रंगपेटी घेऊन आपण जे करतो, तेच गणित कंपायलरच्या उपयोगी पडले!

याच मार्गाने बर्कले येथे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी यांनी स्वतंत्रपणे काम केले आणि अशा साध्या आज्ञांच्या रचनेला ‘रिस्क’ हे नाव रूढ झाले. कॉक यांचा मार्ग आय. बी. एम. च्या विक्रीच्या यंत्रांत १९८६ साली आणि खऱ्या अर्थाने १९९० साली उतरला. त्या ‘पॉवर’ घराण्याचे प्रोसेसर पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या ‘परम पद्म’ या महासंगणकातही बसले. आज आपल्या घरातील मोबाइल फोनचा प्रोसेसरही बहुधा रिस्क तत्त्वावरच बांधलेला असतो.

कॉक स्वतः लेख फारसे लिहीत नसत. सहकाऱ्यांच्या खोल्यांतून फिरावे, प्रश्न विचारावे, कल्पना द्यावी आणि पुढे जावे, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे त्यांच्या अनेक कल्पना इतरांच्या लेखणीतून जगापुढे आल्या. १९८७ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १६ जुलै २००२ रोजी त्यांचे निधन झाले. फ्रान्सिस अ‍ॅलन यांना २००६ सालचा तोच पुरस्कार मिळाला आणि तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

तीन मोठ्या योजनांतील एक अपेक्षेला उतरली नाही आणि दोन अर्ध्यावर थांबल्या. तरीही पहिलीने आज्ञांची साखळी कोठे खोळंबते हे शिकविले, दुसरीने भाषांतराचे शास्त्र दिले आणि तिसरीने साध्या यंत्राचे गुपित उघडे केले. या तीन धड्यांच्या पायावरच ‘८०१’ उभे राहिले.

विद्यार्थी मित्रहो, बीजगणिताच्या तासाला आपण पदावलीतील सामाईक अवयव बाहेर काढतो, तेव्हा तोच गुणाकार पुनःपुन्हा करण्याचा श्रम वाचतो. एकदा काढलेले उत्तर पुन्हा न काढण्याची हीच युक्ती संपूर्ण आज्ञावलीत कशी वापरावी, यावर कॉक यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. पाटीवरचे ते उदाहरण आणि महासंगणकातील तो दुभाषी यांची जात एकच आहे.