वाइन-द्राक्षांचा हंगाम आणि पाऊस

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड या तालुक्यांत वाइनसाठी द्राक्षांची लागवड केली जाते. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर या उद्योगास चालना मिळाली. या पिकाचे यशापयश पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला, यावर अधिक अवलंबून असते.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्त राहते. महाराष्ट्रात तिला अशी विश्रांती मिळत नाही. म्हणून वर्षातून दोन वेळा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर काडी तयार होते. पावसाळा सरताना फळछाटणी केली जाते व जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे तोडणीस येतात.

खरड छाटणीनंतर साधारणतः ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड आकार घेतात. त्यासाठी भरपूर सूर्यप्रकाश आवश्यक असतो. या दिवसांत आभाळ सतत भरलेले राहिल्यास शेंडे वाढतात, परंतु घडनिर्मिती मंदावते. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. असा अकाली पाऊस द्राक्षबागेस धोक्याचा ठरतो. त्याचे नुकसान तत्काळ दिसत नाही. फळछाटणीनंतर घड जिरून त्याजागी बाळी येते, तेव्हाच ते उघड होते.

फळछाटणीनंतर पाने ओली राहिल्यास केवडा रोग बळावतो. फुलोऱ्यात पाऊस आल्यास फलधारणा बिघडते व घडकूज होते. मण्यांत पाणी उतरल्यानंतर मात्र कोरडे दिवस व थंड रात्री उपकारक ठरतात. साखर वाढते आणि वाइनला आवश्यक असलेली आम्लताही टिकते. याच वेळी पाऊस झाल्यास मणी फुगून तडकतात, रसातील साखर विरळ होते व वाइनचा दर्जा घसरतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने तर तोडणीस आलेल्या बागांची हानी केली.

गारपिटीचे नुकसान पंचनाम्यात सहज नोंदविता येते. मे-जूनमधील पावसाचे नुकसान मात्र त्या वेळी डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक बागेच्या छाटणीची तारीख व गावातील रोजचे पर्जन्यमान यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायत, शाळा व कृषी कर्मचारी यांनी हे काम मिळून केल्यास ऑक्टोबरमधील रिकाम्या वेलीचे कारण जूनच्या नोंदीत सापडेल आणि शेतकऱ्याची बाजू पुराव्यानिशी मांडता येईल.