पंच (पेय)

पंच हे मद्य, साखर, आंबट फळाचा रस, पाणी आणि मसाला यांच्या मिश्रणातून तयार होणारे पेय आहे. ते एकेका पेल्यात वेगवेगळे न बनवता मोठ्या वाडग्यात एकदाच सिद्ध करून जमलेल्या मंडळींना वाटले जाते. सतराव्या शतकात भारतातील युरोपीय व्यापाऱ्यांच्या लिखाणात त्याचे सर्वांत जुने उल्लेख आढळतात. पुढे ते इंग्लंड, स्वीडन, वेस्ट इंडीज आणि अमेरिका येथे पसरले. आधुनिक कॉकटेलचे ते पूर्वरूप मानले जाते.

नावाची व्युत्पत्ती

संस्कृत ‘पंच’, मराठी ‘पाच’ किंवा हिंदी ‘पाँच’ या संख्यावाचक शब्दांवरून हे नाव आले, अशी सर्वपरिचित व्युत्पत्ती आहे. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर हा १६७० च्या दशकात भारतात होता. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याने ‘पाँच’ म्हणजे हिंदुस्तानी भाषेत पाच, आणि पाच घटकांवरून पेयाला हे नाव पडले, असे नमूद केले आहे. या किनाऱ्यावरील इंग्रज त्यासाठी ‘नेपा द गोवा’ हा अरक वापरीत, असेही तो सांगतो.

या व्युत्पत्तीवर दोन प्रमुख आक्षेप आहेत. पहिला असा की, जुन्या वर्णनांत घटकांची संख्या नेहमी पाच नसते. दुसरा असा की, सतराव्या शतकातील इंग्रजीत या शब्दाचा उच्चार आजच्याप्रमाणे ‘पंच’ असा नसून ‘पुंच’ असा होता. त्यामुळे जहाजावरील मोठ्या पिंपाला असलेल्या ‘पंचन’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप असावे, असे काही कोशकार मानतात. हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. पंचामृताशी या पेयाचे साम्य केवळ संख्येपुरते आहे.

इतिहास

ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवहाराशी संबंधित १६३२ च्या एका पत्रात हा शब्द प्रथम आढळतो. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत होता. त्याने ‘पालेपुंट्झ’ या पेयाचे घटक मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे चारच दिले आहेत. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने बंगालमधील ‘बूलपोंज’चे वर्णन केले. त्यात अरक, लिंबाचा रस, पाणी आणि थोडे जायफळ असे. चवीला बरे, पण प्रकृतीस अत्यंत घातक, असा त्याचा अभिप्राय होता.

लांबच्या सागरी प्रवासात आणि उष्ण हवेत बिअर व वाइन टिकत नसे. त्यामुळे खलाशी व वखारवाले स्थानिक अरकाकडे वळले. अरक उग्र असल्याने तो साखर, लिंबू व पाणी घालून सौम्य केला जाई. मुंबई सरकारच्या १६९४ मधील एका आदेशानुसार, खाणावळीत पंच पिण्यास आलेल्या ग्राहकाला एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचे पाणी मागून घेऊन आपला पंच स्वतः बनविता येत असे.

वेस्ट इंडीजमधील रमचा पुरवठा वाढल्यावर इंग्लंडमध्ये अरकाची जागा रमने घेतली. अठराव्या शतकात पंचाचा वाडगा मित्रमंडळींच्या बैठकीचे प्रतीक बनला. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने १८४७ मध्ये एका पत्रातून पंचाची सविस्तर कृती कळवली होती. एकोणिसाव्या शतकात एकेका पेल्यात त्वरित बनणाऱ्या पेयांची चाल वाढली आणि वाडगा मागे पडला. तरीही १८६२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जेरी थॉमस याच्या पुस्तकात पंचाच्या अनेक कृती आहेत. मद्य, आंबट आणि गोड यांवर आधारलेली डायकिरीसारखी कॉकटेले याच परंपरेतील होत.

प्रमाण व कृती

पंचाचे पारंपरिक प्रमाण एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग मद्य आणि चार भाग पाणी असे आहे. आजच्या रुचीला इतकी साखर बहुधा जास्त होते. दहा जणांसाठी पुढील प्रमाण पुरते : लिंबाचा रस १५० मिलि, साखर २०० ग्रॅम, रम ४५० मिलि, कोरा चहा ६०० मिलि आणि चिमूटभर जायफळ.

प्रथम चार-पाच लिंबांच्या सालीचा वरचा रंगीत थर पातळ सोलून साखरेत चुरडावा आणि तासभर झाकून ठेवावा. साखर सालीतील सुगंधी तेल ओढून घेते. सालीचा आतील पांढरा भाग कडू असल्याने तो घेऊ नये. त्यावर गरम, फिका चहा ओतून साखर विरघळवावी व मिश्रण गाळावे. ते थंड झाल्यावर लिंबाचा रस व रम मिसळावी; गरम चहात रम घातल्यास तिचा गंध उडून जातो. वाढताना वाडग्यात बर्फाचा एकच मोठा खडा सोडावा. लहान तुकड्यांपेक्षा तो सावकाश वितळतो आणि पेय लवकर पाणचट होत नाही. शेवटी वरून जायफळ किसावे.

रमऐवजी तेवढाच अधिक चहा आणि संत्र्याचा रस घातल्यास मद्यविरहित पंच तयार होतो. भारतातील उपाहारगृहांत ‘फ्रूट पंच’ या नावाने मिळणारे पेय सामान्यतः मद्यविरहित असते.

दक्षता व कायदा

पंचाची गोडी मद्याचा उग्रपणा झाकते, आणि वाडग्यातून पुन्हा पुन्हा पेला भरताना मोजदाद राहत नाही. वरील कृतीत ४२.८ टक्के मद्यांशाची रम वापरल्यास, बर्फ वितळल्यावर, पेयात सुमारे १३ टक्के मद्यांश राहतो. म्हणजे ते जवळपास वाइनइतके तीव्र असते. दहा समान पेले केल्यास प्रत्येक पेल्यात ४५ मिलि, म्हणजे दीड लहान पेग रम येते. म्हणून पेले लहान ठेवणे, मद्यविरहित वाडगा वेगळा मांडणे आणि पाहुण्यांना घटक आधी सांगणे इष्ट ठरते. प्यायलेल्या व्यक्तीने वाहन चालवू नये. बेकायदा गाळलेल्या दारूत मिथेनॉल असू शकते. त्याने अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो आणि साखर-लिंबाने ते निष्प्रभ होत नाही.

महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी परवाना आवश्यक असून रमसारख्या मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. इतर राज्यांतील नियम भिन्न आहेत. ज्या सुरतेत या पेयाचे एक आरंभीचे वर्णन लिहिले गेले, ती आज दारूबंदी असलेल्या गुजरात राज्यात आहे.