‘फॅरनहाइट 451’मधली आग नेमकं काय जाळते?

आजचं पुस्तक मी आधी वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. बसमध्ये, कानात इअरबड्स आणि स्पीड दीडपट. रे ब्रॅडबरीची 1953 सालची कादंबरी, ‘फॅरनहाइट 451’. थोड्याच वेळात मला स्पीड कमी करावा लागला. कारण नायकाची बायको मिल्ड्रेड कानात शिंपल्यासारखे इवलेसे रेडिओ घालून रात्र काढते. शेजारी नवरा आहे याचं तिला भानच नसतं. म्हटलं, अरे, ही तर मीच!

नवऱ्याचं नाव माँटॅग. तो फायरमन आहे, पण त्या भविष्यातल्या अमेरिकेत घरांना आग लागतच नाही, म्हणून फायरमन पुस्तकं जाळतात. 451 फॅरनहाइट म्हणजे साधारण 233 अंश सेल्सिअस, कादंबरीनुसार कागद पेट घेतो ते तापमान. माँटॅगला सुरुवातीला या कामात चक्क मजा येते.

आपल्याला लगेच बर्लिन आठवतं. 10 मे 1933 ला नाझी विद्यार्थ्यांनी तिथे पुस्तकांची होळी केली होती. तेव्हा ब्रॅडबरी 12 वर्षांचा होता. त्यामुळे मीही धरून चालले होते, की हे दुष्ट सरकारचं पुस्तक आहे.

पण माँटॅगचा साहेब, कॅप्टन बीटी, वेगळंच सांगतो. म्हणतो, सुरुवात सरकारने केलीच नाही. लोकांनाच सगळं झटपट हवं होतं. मग अभिजात पुस्तकं पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवली, त्याची दोन मिनिटं केली, शेवटी दहा-बारा ओळी उरल्या. काडी सगळ्यात शेवटी लागली. (आता मी या एपिसोडमध्ये काय करतेय, ते विचारू नका.)

मग जाळायचंच का? रद्दीत का नाही द्यायची? बीटीला आग आवडते, कारण ती जबाबदारीच संपवते. नकोसा प्रश्न भट्टीत टाकला की झालं, मागे काही उरत नाही.

इथेच ब्रॅडबरी त्याला खोटं पाडतो. एक म्हातारी बाई पुस्तकं सोडून बाहेर यायला नकार देते आणि स्वतःच काडी ओढते. घर जळतं, पण माँटॅगच्या डोक्यातून ती जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याने कामावर जाववत नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो पुढच्या भागाने. बीटी त्याला स्वतःचंच घर जाळायला लावतो, तेव्हा माँटॅगला पुन्हा बरं वाटतं! पलंग, टीव्हीच्या भिंती, सगळं. त्यानंतर तो बीटीलाच जाळतो. म्हणजे नायक बदलला, पण हातातलं हत्यार तेच. हे आपण ‘बंड’ म्हणून पटकन खपवून घेतो, पण मला ते पचलं नाही.

म्हणूनच मला पळून गेल्यानंतरचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. नदी ओलांडल्यावर त्याला लांब अंधारात आग दिसते. तो आधी घाबरतो. जवळ जातो तर शेकोटी, भोवती माणसं हात शेकत बसलेली. आग ऊबही देते, हे इतकी वर्षं आगीत काम करूनही त्याला माहीत नसतं. त्या माणसांकडे पुस्तकांचे गठ्ठे नाहीत. प्रत्येकाने काही ना काही पाठ करून ठेवलंय. शहर पडतं ते बॉम्बने, काही क्षणांत.

आणि त्यानंतर ते काय करतात? त्यांचा म्होरक्या ग्रेंजर शेकोटीवर नाश्ता बनवतो.

मी आता पुस्तक विकत आणलंय. बीटीचं ते लांबलचक भाषण परत वाचतेय, इअरबड्स काढून.