रक्तातली चरबी आणि रोजची गोळी

कोलेस्टेरॉल हे नाव आता गावोगाव ऐकू येते. पण ते आहे तरी काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो शरीराला लागतो. पित्त तयार व्हायलाही तो लागतो. त्यातला बराचसा आपले यकृतच तयार करते. म्हणून तूप-लोणी न खाणाऱ्याच्या रक्तातही तो असतो.

मग बिघडते कुठे? कोलेस्टेरॉल रक्तातून वाहून नेणारे बारीक कण असतात. त्यांतल्या एका जातीला एलडीएल म्हणतात. हे कण फार वाढले, की ते रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात. नळाला आतून कीट बसावे, तसा तिथे थर बसतो. वाट अरुंद होते. एखादे दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाटच बंद होते. हृदयाकडची वाट बंद झाली, तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूकडची बंद झाली, तर लकवा मारतो.

हे सारे वर्षानुवर्षे चालते. पण दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

यावर औषध सापडले ते बुरशीत! जपानात आकिरा एंडो नावाचे शास्त्रज्ञ होते. ते शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. पेनिसिलिन बुरशीतून मिळाले होते. तसेच कोलेस्टेरॉलला आवर घालणारे औषधही मिळेल, असे त्यांना वाटले. १९७१ साली ते कामाला लागले. त्यांनी आणि सोबत्यांनी सुमारे ६,००० जातींच्या बुरश्या वगैरे तपासल्या. १९७३ साली एका निळसर हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ मिळाला. ती बुरशी क्योतो शहरातल्या धान्याच्या दुकानातील तांदळावरची होती.

या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. आपल्याकडची ॲटोर्व्हास्टॅटिन ही गोळी त्यांतलीच. ही गोळी यकृतातले कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम मंद करते. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातले एलडीएल ओढून घेते. रक्तातले प्रमाण उतरते.

याने जीव वाचतो का? वाचतो. युरोपच्या उत्तरेकडील पाच देशांत ४,४४४ हृदयरोग्यांवर पाहणी झाली. निम्म्यांना स्टॅटिन दिले. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. १९९४ साली निकाल आला. सुमारे साडेपाच वर्षांत औषध न मिळालेल्यांपैकी २५६ जण दगावले. औषध मिळालेल्यांपैकी १८२.

तरी पुष्कळ जण म्हणतात, "रिपोर्ट चांगला आला, आता गोळी कशाला?" आणि गोळी सोडतात. इथेच घात होतो. अहो, रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळेच! गोळी थांबली, की यकृत पुन्हा पहिल्यासारखे काम करू लागते. काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल परत चढते. थर वाढू लागतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

गोळीने कुणाकुणाचे स्नायू दुखतात. अंग फार दुखले, लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर गोळी बदलतात किंवा मात्रा कमी करतात. बाईला दिवस गेले असतील किंवा मूल हवे असेल, तर तेही आधी सांगावे.

ध्यानात ठेवा :
शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.
गोळी चालू असली, तरी तंबाखू-विडी सोडावी, रोज चालावे, तळलेले कमी खावे.
गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आज काही दुखत नाही, म्हणून गोळी सोडू नका.